दुबईला जाणाऱ्याने काय न्यावे

माझ्या थोरल्या भावाला आखातात नोकरी लागली तेव्हा आमच्या नांद्याच्या वस्तीत परदेश पाहिलेलं माणूस एकच होतं, आणि तिला सोडून बाकी सगळ्यांनी त्याला सल्ला दिला. आज हे लिहितानाही माझं डोकं फिरतं. वशादादा पिंपरीच्या एका कारखान्यात वेल्डर होता. पहाटे सायकल काढून जायचा आणि संध्याकाळी डोळे लाल करून परत यायचा. मुंबईच्या कुणा एजंटामार्फत त्याची निवड झाली, दोन वर्षांचं काम होतं. देश कोणता ते पत्रात स्वच्छ लिहिलेलं होतं आणि मी ते तीनदा वाचून दाखवलं होतं, पण आमच्याकडे समुद्रापलीकडे कमवायला जायचं म्हणजे दुबईच. मी शाळेच्या नकाशाच्या पुस्तकात बोट ठेवून दोन्ही ठिकाणं वेगवेगळी दाखवली. तात्यांनी चष्मा लावून नीट पाहिलं आणि म्हणाले, "त्येच ते. शेजारी शेजारीच तर हायेत."

तात्या म्हणजे माझ्या वडलांचे, आबांचे, थोरले भाऊ. आबा गवंडीकाम करत आणि दिवसाला दहा शब्द बोलत. त्यांच्या वाट्याचे उरलेले सगळे शब्द तात्या वापरत. ते पुण्यात एका कचेरीत शिपाई होते. कधीतरी त्यांचा साहेब विलायतेला निघाला होता, तेव्हा तात्या त्याचं सामान घेऊन मुंबईच्या धक्क्यापर्यंत गेले होते. बोट त्यांनी पाहिली होती, बोटीवर चढणारी माणसंही पाहिली होती. एवढ्या भांडवलावर ते परदेशाचे जाणकार झाले होते. साहेबाने परत आल्यावर त्यांना आपला जुना लोकरी ओव्हरकोट दिला होता. तो त्यांच्या खुंटीला डांबराच्या गोळ्यांच्या वासात वर्षानुवर्षं लटकत होता, आणि तो वशादादाने न्यायचाच असा त्यांचा हुकूम निघाला.

"तात्या, तितं वाळवंट हाय," मी म्हणाले.

"परदेस हाय का न्हाई? मंग थंडी आसणारच. सायेब काय येडा व्हता कोट शिवायला?"

वशादादा कोटाच्या बाहीत हात घालून पाहत होता. त्याला जन्मात कुणाला नाही म्हणता आलं नाही. त्याच्या या चांगुलपणाचा मला तेव्हा फार राग यायचा, आणि खरं सांगायचं तर तो राग अजूनही पुरता गेलेला नाही.

एजंटाने पत्रासोबत सूचनांचा एक कागद पाठवला होता. पहिल्यांदा परदेशी जाणाऱ्यांसाठी, इंग्रजीतला, जांभळट शाईत छापलेला, अर्धी अक्षरं पुसट. घरात इंग्रजी येणारी मी एकटी, नववीतली. मी शब्दकोश मागून आणला, चार दिवस बसले आणि वहीच्या मागच्या पानांवर सगळं मराठीत उतरवलं. पासपोर्ट अंगावर बाळगावा. सामान वीस किलोपेक्षा जास्त नसावे. उग्र वासाचे खाद्यपदार्थ नेऊ नयेत. मादक पदार्थ जवळ बाळगणे हा गंभीर गुन्हा आहे. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या शिक्षणाचा घराला उपयोग होणार होता, म्हणून मी त्या पानांना शाईने चौकट केली होती. संध्याकाळी जेवणं उरकली की आमच्या पत्र्याच्या खोलीपुढे माणसं जमायची. चुलीवर आमटीचं भांडं निवत असायचं, कुणाच्या तरी ट्रान्झिस्टरवर शेतकऱ्यांचा कार्यक्रम चालू असायचा, आणि तात्या म्हणायचे, "हां शालन, वाच." मी पहिली ओळ वाचायचा अवकाश, की सगळे एकदम बोलायला लागायचे. पासपोर्ट अंगावर नको, अंथरुणात शिवून टाक. इमान वर चढताना कानात कापूस घाल. तितल्या पोलिसाला आधी रामराम कर, मंग तो काय करत न्हाई. तितं उतरल्या उतरल्या तितलाच कच्चा कांदा खा म्हंजी पाणी बाधत न्हाई. हा कांद्याचा सल्ला मात्र आमच्याकडे लेकी सासरी जातानाही देतात, त्यामुळे त्यावर सगळ्यांचं एकमत झालं. मादक पदार्थांची ओळ मी वाचली तेव्हा तर माणसं पोट धरून हसली, कारण वशादादा साधी सुपारीही खात नव्हता. वाचून वाचून माझा घसा बसला, आणि माझ्या वीस ओळींतली एकही ओळ कुणाच्या डोक्यात शिरली नाही.

शिवाय शिदोरीचा प्रश्न होता. आमच्यात माणूस लांबच्या मुलखाला निघालं की घरटी काहीतरी येतं, आणि आलेलं परत करायचं नसतं. परत केलं तर देणाऱ्याचा अपमान, वर जाणाऱ्यालाही बरं नाही म्हणतात. मग कुरडया आल्या, लसणाची चटणी आली, तिळाची पोळी आली, सुकटीची पुरचुंडी आली. सुकट! मी वहीतली उग्र वासाची ओळ बोटाने दाखवली. "वाळल्याली हाय, तिला कुटला वास?" आणणाऱ्या बाईने विचारलं, आणि पुरचुंडी ट्रंकेत दादाच्या नव्या शर्टांवर बसली. गिरणीच्या काट्यावर ट्रंक चढवली तेव्हा ती एकतीस किलो भरली. तात्या म्हणाले, काटा खराब आहे.

परवा मारुंजीत आमच्या सोसायटीतल्या शेजाऱ्यांची मुलगी शिकायला परदेशी निघाली, तर तिच्या फोनवर सल्ल्यांचा एक वेगळा ग्रुप केला होता. नव्वद माणसं होती त्यात. तिच्या आईने बॅग हुकाच्या काट्याला लटकवली आणि काटा खराब आहे म्हणाली. मी दारातून मागे फिरले आणि घरी येऊन थंड पाणी प्यायले.

सगळ्यात शेवटी आईचे लाडू आले. आमच्या घरात डिंकाचे लाडू फक्त बाळंतिणीसाठी व्हायचे, आणि तेही दीडेक डझन. या वेळी आईने दोन महिने आधीपासून एकेक जिन्नस जमवून ठेवला होता, खारीक, खोबरं, डिंक, आणि एका जुन्या बाटलीत खसखस. परक्या मुलखात पोराने उन्हात लोखंड जोडत उभं राहायचं, तर अंगात ताकद नको का? तिने तव्यावर खसखस भाजली तेव्हा सगळ्या वस्तीत वास गेला. मंद आचेवर ती हळूहळू हलवत होती आणि तिच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं, जे मी फार थोड्या वेळा पाहिलं आहे. लाडू वळून तिने पत्र्याच्या गोल डब्यात रचले, झाकणावर धडपं बांधलं आणि डबा ट्रंकेच्या मधोमध ठेवला. बाकी काहीही काढावं लागलं तरी चालेल, डबा जाणार, हे तिने आबांनाही सांगून ठेवलं.

त्याच वासावर कुसुमआक्का आली. परदेश पाहिलेलं एकच माणूस म्हटलं, ती ही. नवऱ्याने टाकल्यावर ती पुण्यात एका डॉक्टरांकडे मूल सांभाळायला राहिली आणि ते कुटुंब आखातात गेलं तेव्हा त्यांच्याबरोबर तिकडे तीन वर्षं राहून आली. परत आली ती लाल नायलॉनची साडी नेसून आणि मनगटावर घड्याळ लावून. त्या घड्याळावरून वस्तीने जे काही बोलायचं ते बोलून घेतलं होतं. बाई एकटी समुद्रापार राहून आली, तेव्हा तिथे तिने काय केलं असेल याची माहिती सगळ्यांना होती. फक्त तिला कुणी विचारलं नव्हतं. ती टोकाच्या खोलीत आईबरोबर राहायची आणि नळावर सगळ्यांच्या नंतर पाणी भरायची. आमच्या अंगणातल्या बैठकींना ती कधी आली नव्हती, कारण तिला कुणी बोलावलंच नव्हतं. आमच्या दाराशी ती उभी राहिली, आत आली नाही.

"वहिनी, लाडवात खसखस घातलीया का?"

"व्हय. का गं?"

"मंग नगा देऊ वशाला. खसखस अफूच्या बोंडातली. तितं तिला अफूच समजत्यात. धरलं तर तुरुंगात घालत्यात."

तात्या हसले, आणि त्यांच्यामागून बाकीचे. "खसखशीला कोन धरतंय? उद्या म्हनशील, मिठाला धरत्यात." आई मात्र हसली नाही. तिचा चेहरा उतरला होता. "माझ्या हातचं खाऊन माझं पोरगं तुरुंगात जाईल व्हय?" असं ती म्हणाली आणि तिने दाराकडे पाठ केली. कुसुमआक्का निघून गेली. वशादादा ट्रंकेच्या कडीशी चाळा करत बसला होता.

मी तिच्यामागे पळत गेले. तिने मला बसायला पोतं दिलं आणि सांगितलं, की त्यांच्या शेजारच्या बिऱ्हाडातली एक बाई सुट्टीवरून परतताना मसाल्याच्या पुड्यात खसखस घेऊन आली होती. विमानतळावरूनच तिला नेलं. चार दिवस नवऱ्याला पत्ता नव्हता, आणि पुढे काय झालं ते डॉक्टरीणबाईंनी कुसुमआक्काला सांगितलं नाही. माझ्या वहीतली मादक पदार्थांची ओळ मला तिथेच आठवली. घरी येऊन मी दादाला बाजूला घेतलं, हातापाया पडले. तो म्हणाला, "आगं, आईला वाईट वाटंल. काय व्हत न्हाई." याला म्हणतात माणूस! तुरुंग परवडला, पण आईला वाईट वाटायला नको.

दुसऱ्या दिवशी त्याला निघायचं होतं. संध्याकाळी सगळी वस्ती त्याला घेऊन विहारात वंदनेला गेली. मी पोट दुखतंय म्हणून मागे राहिले, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं. लांबून त्रिशरणाचे आवाज येत होते तेव्हा मी ट्रंक उघडून डबा काढला. लाडू काढले आणि त्या जागी कोनाड्यातले कांदे वर्तमानपत्रात एकेक गुंडाळून भरले. आई सकाळी डबा उचलून बघणार हे मला माहीत होतं, म्हणून एक कांदा काढ, एक घाल, असं करत वजन जमवलं. वर एक चिठ्ठी ठेवली, "दादा, हे मी केलं. आईला कळवू नको." धडपं आईच्याच पद्धतीने बांधलं. लाडू गोवऱ्यांच्या पाटीत फडक्याखाली झाकून कुसुमआक्काकडे नेले, कारण दुसरीकडे कुठे न्यायचे तेच सुचेना. तिने फडकं वर केलं. मग एक लाडू फोडून तोंडात टाकला.

"मी गेले तवा मला कुनी काय दिलं न्हवतं," ती म्हणाली. तक्रार केल्यासारखं नाही, सहज म्हणाली.

दादा गेला. ट्रंकेत मावत नाही म्हणून कोट अंगातच घालून गेला, मार्चच्या उन्हात. एसटीत चढताना त्याच्या कपाळावरून घाम गळत होता आणि तात्या खालून ओरडत होते, "काढू नगंस! सवय व्हऊ दे!" मला हसूही आलं नाही. त्यानंतर पत्र येईपर्यंतचे दीड महिने मी कसे काढले ते मलाच माहीत. कांदे नेल्याबद्दलही तिकडे शिक्षा असली तर, असंही एकदा मनात येऊन गेलं.

पत्र आलं त्या दिवशी पोस्टमनच्या सायकलीमागूनच माणसं आली. वाचणारी अर्थात मी. कुसुमआक्का घागर घेऊन नळाशी थांबली होती. मी वाचत सुटले. तब्येत ठीक, खोलीत आठ जण, काम बरं, ऊन फार. आणि मग ओळ आली: "शालन, पुढच्या ओळी मनात वाच." पहिले दोन शब्द तोंडातून गेलेच होते. मी खोकले, पाणी मागितलं आणि घोट घेताना डोळ्यांनी वाचलं. विमानतळावर त्यांनी सगळं सामान उलटं केलं. दादाच्या पुढे रांगेत आपल्याकडचाच एक माणूस होता, त्याच्या पिशवीत मसाल्याबरोबर खसखशीची पुडी निघाली. त्याला आतल्या खोलीत नेलं. सगळ्यांना न्यायला आलेली गाडी सुटली तरी तो बाहेर आला नव्हता. मग दादाचा डबा उघडला. अधिकाऱ्याने एकेक कांदा सोडवून पाहिला, मोठ्याने हसला आणि डबा परत दिला. "कुसुमआक्काला माझा नमस्कार सांग." आणि त्याखाली, मोठ्याने वाचायला म्हणून मोठ्या अक्षरात, "आईचे लाडू फार छान झाले होते. खोलीतल्या सगळ्यांना दिले."

ती ओळ मी मोठ्याने वाचली. आईने पदर डोळ्यांना लावला. आणि तात्या मांडीवर थाप मारून उठले. "म्हनलं न्हवतं मी? खसखशीला कोन धरतंय! काय गं कुसुम? तुरुंगात घालत्यात व्हय? पार खोलीभर वाटलं लाडू!" अंगणातली सगळी माणसं हसत नळाकडे वळली. कुसुमआक्काने माझ्याकडे पाहिलं. डब्यात लाडू नव्हतेच हे जगात फक्त आम्हा तिघांना ठाऊक होतं, आणि त्यातला एक समुद्रापलीकडे होता. तिने एका शब्दात मला उघडं पाडलं असतं.

"आसंल बाबा. माझं चुकलं आसंल," ती म्हणाली आणि तिने घागर उचलली.

मी काही बोलले नाही. आईच्या डोळ्यांत पाणी होतं, मला मार बसला असता, पोर होते, अशी कारणं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितली. पण खरं एवढंच, की मी घाबरले आणि माझ्या भावाला वाचवणाऱ्या बाईला चारचौघांत खोटी पडू दिलं. दादाचा नमस्कारही मी तिला सांगितला नाही. नळावर ती दिसली की मी वाट बदलायची.

हे असंच राहिलं असतं. पण पावसाळ्यानंतर तात्यांच्या मुलाला, पोपटला, त्याच एजंटाकडून पत्र आलं, आणि तात्या आता बोट बघितलेले तात्या राहिले नव्हते, पुतण्याला दुबईला धाडलेले तात्या झाले होते. कोट गेला होता, म्हणून त्यांनी पोपटला कानटोपी घेतली. आईचे लाडू पार दुबईला पोचलेले, तेव्हा पोपटचेही तिनेच करायचे असं ठरलं. मी शाळेतून आले तर आमच्या दारातच तो वास आला. तात्यांच्या चुलीपुढे आई बसली होती आणि खसखस भाजत होती. पहिल्या वेळेपेक्षा दुप्पट. तात्या शेजारी उभं राहून सांगत होते, "हात आखडू नगंस. काय व्हत न्हाई. आपल्या वशाचं काय झालं?"

माझ्या हातातलं दप्तर खाली पडलं. "वशादादाचं काय झालं न्हाई, कारण त्यानं लाडू नेलंच न्हाईत!" मी इतक्या जोराने ओरडले, की आबाही बाहेर आले. "डब्यात कांदं व्हतं. मी भरलं व्हतं."

तात्या म्हणाले, पोरगी चेकाळलीय. मी घरी पळत गेले, अंथरुणाखालून दादाचं पत्र आणलं आणि त्या ओळी, रांगेतल्या माणसापासून कुसुमआक्काच्या नमस्कारापर्यंत, पहिल्यांदा मोठ्याने वाचल्या. वाचताना मी रडत होते आणि रागावलेलीही होते, तात्यांवर, दादावर, सगळ्यात जास्त स्वतःवर. तव्यावरची खसखस करपायला लागली तेव्हा आईने तवा उतरवला.

"मंग माझं लाडू कुटं गेलं?" तिने विचारलं.

"कुसुमआक्काकडं."

"तिनं खाल्लं?"

"व्हय. म्हनली, ती गेली तवा तिला कुनी काय दिलं न्हवतं."

आई मला मारेल असं मला वाटलं होतं. तिने मारलं नाही, जवळही घेतलं नाही. तिने पोपटचे लाडू बिनखसखशीचे वळले. तात्या दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी ते पारावर कुणाला तरी सांगत होते, की खसखस अफूच्या बोंडातली असते, तिकडे चालत नाही, आपण हे पहिल्यापासून सांगत आलोय. त्या माणसापुढे मी हात टेकले ते कायमचे.

उरलेल्या भाजलेल्या खसखशीचे आईने आमच्या घरी आणखी एक घाणाभर लाडू केले. तोच गोल डबा, वर धडपं. मला वाटलं मलाच पाठवील, पण ती स्वतः उठली आणि मला मागे चल म्हणाली. कुसुमआक्काच्या दारात ती पहिल्यांदाच उभी राहिली होती. डबा पुढे केला आणि म्हणाली, "ह्यात खसखस हाय. तुला चालंल. तू कुटं इमानात बसाया चाललीस?"

कुसुमआक्काने डबा दोन्ही हातांनी घेतला. धडप्याची गाठ सोडत तिने विचारलं, "आन् वहिनी, परत जायाचं आलं तर?"

"तर आदी सांग," आई म्हणाली. "बिनखसखशीचं करून दीन."